कळा आहेत, बाळ नाही: हिब्रू संदेष्ट्यांच्या भीतीबद्दल

शाईचा_डाग

बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथात, तिसाव्या अध्यायात, आलेला एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. माझ्या शब्दांत सांगते, कुठल्या छापील भाषांतरातून उचललेलं नाही:

"थरकापाचा आवाज आमच्या कानी आलाय. भीती आहे, शांती नाही. विचारा तर खरं, बघा तर खरं, पुरुष कधी बाळंत होतो का? मग हा एकेक गडी वेणा लागलेल्या बाईसारखा कमरेवर हात धरून का उभा आहे? सगळ्यांचे चेहरे असे का उतरलेत?"

लगेच पुढे: "हाय! केवढा मोठा तो दिवस, त्याच्यासारखा दुसरा नाही. याकोबाच्या संकटाची ती वेळ. पण तो तिच्यातून वाचेल."

(यिर्मया ३०:५-७. याकोब म्हणजे इथे इस्राएलची प्रजा.)

गंमत अशी की ३० ते ३३ हे अध्याय या ग्रंथातले दिलाशाचे अध्याय मानले जातात. परत आणीन, पुन्हा बांधीन, नवा करार करीन, हे सगळं इथेच आहे. आणि त्याची सुरुवात मात्र पोट धरून उभ्या असलेल्या पुरुषांनी होते.

मग मी वेणांची उपमा कुठे कुठे येते ते शोधत गेले. यशया १३ मध्ये बाबेलवर (बॅबिलोन, यरुशलेम पाडणारं राज्य), यिर्मया ४ आणि ६ मध्ये सियोनकन्येवर (म्हणजे यरुशलेमवर), ४८ मध्ये शेजारच्या मवाबाच्या शूरांवर, ४९ मध्ये अदोमावर आणि दिमिष्कावर, मीखा ४ मध्ये पुन्हा सियोनेवर. शत्रू असो की आपले, कळा सगळ्यांनाच. यिर्मया ६:२२-२४ आणि ५०:४१-४३ शेजारी शेजारी ठेवून वाचा. उत्तरेकडून येणारं सैन्य, समुद्रासारखा त्यांचा आवाज, बातमी ऐकताच हात गळणं, मग वेणा. मजकूर जवळजवळ तोच आहे. एकीकडे तो सियोनकन्येला ऐकवलाय, दुसरीकडे बाबेलकन्येला. ज्यांनी घाबरवलं त्यांनाच पुढे तेच शब्द लागू केले.

माझा प्रश्न हा. या एवढ्या जागी कळा आहेत, पण बाळ कुठेच नाही. प्रवचनात नेहमी ऐकतो, "प्रसूतिवेदना म्हणजे आशा, वेदनेनंतर नवा जन्म." या वचनांत मला ती आशा दिसत नाही. तुम्हाला दिसते का?

---

कुरुंदवाडी

वाचतोय. विषय वेगळा आहे, चांगला आहे.

बायबलचा अभ्यास नाही, पण एक जाणवलं. आपल्याकडेही भीती अंगातच असते. हातपाय गळतात, कंबर खचते, पोटात गोळा येतो, तोंडचं पाणी पळतं. त्यामुळे हे वाचताना परकं वाटत नाही.

---

शाईचा_डाग

@कुरुंदवाडी, हो ना. यहेज्केल २१:६ मध्ये देव संदेष्ट्याला सांगतो, लोकांसमोर कंबर मोडल्यासारखा कण्ह. लोक विचारतील का कण्हतोस, तर सांग, येणाऱ्या बातमीमुळे. ती आली की प्रत्येक काळीज वितळेल, सगळे हात ढिले पडतील, गुडघे पाणी पाणी होतील. (हिब्रू प्रतीत हीच वचनं २१:११-१२ आहेत. आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका.)

लक्षात घ्या, यरुशलेम पडल्याची ती बातमी अजून आलेली नाही. यहेज्केल तेव्हा यरुशलेमात नाही, इ.स.पू. ५९७ साली बाबेलला नेलेल्यांमध्ये आहे. हजारो लोकांच्या आधी तो एकटा घाबरून दाखवतोय.

---

उत्खनन

धागाकर्तीला आधी एक थंड पाण्याचा शिडकावा. :)

ही शारीरिक लक्षणं कुणा एका संदेष्ट्याने शोधलेली नाहीत. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे १९२९ पासून उगारित शहराच्या मातीच्या पाट्या सापडू लागल्या. ते शहर इ.स.पू. १२०० च्या सुमारास उद्ध्वस्त झालं, म्हणजे यिर्मयाच्या सुमारे सहाशे वर्षं आधी. तिथल्या बआलाच्या कथेत अनात देवी दुरून निरोपे येताना बघते आणि तिचे पाय लटपटतात, कंबर मोडते, चेहऱ्यावर घाम फुटतो, पाठीचे सांधे थरथरतात. निरोप काय आहे ते तिने अजून ऐकलेलंही नाही.

म्हणजे "वाईट बातमी आली की असं असं वर्णन करायचं" हा ठरलेला साचा होता. डेल्बर्ट हिलर्स या अभ्यासकाने १९६५ साली यावरच एक लेख लिहिला होता. कवीकडे साचा तयार असतो, तो ओततो. त्यावरून यिर्मयाच्या मनाचा थांग लावणं जरा धाडसाचं आहे.

अश्शूरी (असिरियन) राजेही हेच लिहीत, फक्त दुसऱ्या बाजूने. सन्हेरीबाच्या बखरीत हलुलेच्या लढाईचं (इ.स.पू. ६९१) वर्णन आहे. पळणाऱ्या शत्रूंची काळिजं पकडलेल्या पारव्याच्या पिलांसारखी फडफडत होती आणि त्यांनी आपल्याच रथांत मलमूत्र सोडलं, असं तो अभिमानाने लिहून ठेवतो. यहेज्केल ७:१७ मध्ये "सगळे गुडघे पाण्याने वाहतील" असं आहे. जुन्या ग्रीक भाषांतराने त्याचा अर्थ तोच घेतलाय जो तुमच्या मनात आत्ता आला.

---

शाईचा_डाग

शिडकावा पोचला. :) पण साचा आहे म्हणजे भीती खोटी, हे मला पटत नाही. तुम्हीच दिलेल्या उदाहरणांत फरक बघा. सन्हेरीब विजेता आहे, तो दुसऱ्याच्या भीतीचं वर्णन करून फुशारकी मारतोय. यिर्मया तेच वर्णन "आम्ही" म्हणून करतो. "आम्ही तिची बातमी ऐकली, आमचे हात गळाले" (६:२४). साचा तोच, पण बोलणारा विरुद्ध टोकाला उभा आहे.

यशया २१ तर आणखी पुढे जातो. दर्शन आहे शत्रूच्या, बाबेलच्या पडण्याचं. खरं तर संदेष्ट्याने आनंद मानायला हवा. आणि तो म्हणतो, माझी कंबर वेदनेने भरली, वेणा लागलेल्या बाईसारख्या कळा मला धरतायत, मला ऐकवत नाही, बघवत नाही. शत्रूचा नाश बघूनही हा माणूस वाकतो.

---

रात्रपाळी

मी प्रसूतिकक्षात नर्स आहे, बरीच वर्षं. धर्मग्रंथांतलं मला कळत नाही, पण "कमरेवर हात धरून उभा" वाचलं आणि थांबले.

हे नेमकं आहे. कळ पाठीतून येते तेव्हा बाई दोन्ही हात कमरेवर, नाहीतर पाठीला लावते आणि पुढे वाकते. शेवटच्या टप्प्यात पाय थरथर कापतात, थंडी नसतानाही. चेहरा पांढरा पडतो, काहींना उलटी होते. "मला जमणार नाही, मी मरते" असं बहुतेक जणी म्हणतात. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं, गुडघे, हात, पोट, चेहरा, त्या अर्ध्या तासात एकत्र दिसतात. कुणीतरी जवळून बघून लिहिलंय.

आणि बाईंनी विचारलं, आशा दिसते का. त्या टप्प्यावर बाळाचं नाव काढलेलंही बाईला नको असतं. आशा बाहेर बसलेल्यांना असते.

---

कुरुंदवाडी

@रात्रपाळी +१००. "आशा बाहेर बसलेल्यांना असते" हे जपून ठेवतो.

---

शाईचा_डाग

@रात्रपाळी ताई, मनापासून आभार. "जवळून बघून" यावर मात्र एक शंका. त्या काळी बाळंतपणाच्या खोलीत सुइणी असत (उत्पत्ती ३५ मध्ये राहेलीजवळ सुईण आहे), पुरुष बाहेर. म्हणून असेल, बऱ्याच ठिकाणी ही उपमा डोळ्यांची नाही, कानांची आहे. यिर्मया ४:३१ बघा. "वेणा लागलेल्या बाईसारखा आवाज मी ऐकला, पहिलटकरणीच्या किंकाळीसारखा. तो सियोनकन्येचा आवाज, धापा टाकत, हात पसरत: हाय, मेले, खुन्यांपुढे माझा जीव गळून चाललाय."

३०:५ सुद्धा "आवाज ऐकला" असाच सुरू होतो. दाराबाहेर उभा असलेला, काहीही करू न शकणारा माणूस ऐकतोय. आणि मग ३०:६ मध्ये तो आवाज बाहेरच्या पुरुषांच्याच अंगात शिरतो.

---

चष्मेबद्दूर

इथे कुणी एक अवघड गोष्ट बोलत नाहीये, मी बोलते.

"पुरुष बाईसारखे झाले" ही त्या काळातली सरळ शिवी होती. नहूम ३:१३ अश्शूरच्या राजधानीला, निनवेला, म्हणतो, तुझं सैन्य म्हणजे बायका. यिर्मया ५१:३० मध्ये बाबेलचे शूर बायका झाले. अश्शूरचा राजा पाचवा अश्शूर-निरारी आणि अर्पादचा मतिइलू यांच्या तहात शाप लिहिलाय, तह मोडलास तर तुझे सैनिक बायका होवोत. मग ३०:६ मध्ये आपण करुणा वाचतोय की टोमणा? "पुरुष कधी बाळंत होतो का?" हे चौकात उभं राहून हसत म्हटलेलंही असू शकतं.

वर, बाईच्या सगळ्यात कष्टाच्या क्षणाला दुबळेपणाचं चिन्ह करून टाकायचं. रात्रपाळीताई सांगतील त्यात दुबळं काय असतं ते.

---

रात्रपाळी

काही नसतं.

---

उत्खनन

चष्मेबद्दूर यांचा मुद्दा रास्त आहे, तहाचा दाखलाही बरोबर. पण दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. "शूर बायका झाले" हा शाप आहे, त्यात शस्त्र टाकणं आहे. "वेणा लागल्या" हे आवर घालता न येण्याचं चित्र आहे. कळ कधी येणार, किती वेळ टिकणार, हे जिला येते तिच्या हातात नाही. दोन्ही कधी एकत्र येतात (यिर्मया ४८:४१, ४९:२२ मध्ये शूरांचं काळीज वेणा लागलेल्या बाईच्या काळजासारखं होतं), पण मूळ वेगळं.

शिवाय यशया ४२:१४ विसरू नका. तिथे देव स्वतःबद्दल म्हणतो, फार काळ गप्प राहिलो, आता वेणा लागलेल्या बाईसारखा ओरडेन, धापा टाकेन. उपमा निव्वळ शिवीची असती तर ती देवाच्या तोंडी कोण घालेल?

आता माझा आवडता मुद्दा, कारण इथे साच्याबाहेरचा पुरावा आहे. १९३५ साली यहूदातल्या लाखीश शहराच्या वेशीजवळच्या खोलीत शाईने लिहिलेली खापरं सापडली. यरुशलेम पडण्याच्या अगदी आधीच्या दिवसांतला सैनिकी पत्रव्यवहार, म्हणजे यिर्मयाच्याच हयातीतला. चौथ्या पत्रात चौकीवरचा माणूस लिहितो की आम्ही लाखीशच्या खुणेच्या जाळाकडे डोळे लावून आहोत, अजेकाचा दिसत नाही. यिर्मया ३४:७ म्हणतो की यहूदाच्या तटबंदीच्या शहरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती.

आणि सहावं पत्र! त्यात तक्रार आहे की सरदारांचे शब्द बरे नाहीत, ते हात ढिले करतात. यिर्मया ३८:४ मध्ये सरदार राजाकडे यिर्मयाची तक्रार नेमक्या त्याच शब्दांत करतात: हा माणूस उरलेल्या सैनिकांचे हात ढिले करतोय, याला मारून टाका. मग त्याला चिखलाच्या टाकीत सोडतात.

तर "हात गळणं" ही फक्त कवींची ठेव नव्हती. छावणीत रोज बोलला जाणारा शब्द होता, आणि त्याच्यावरून माणसाचा जीव जाऊ शकत होता.

---

शाईचा_डाग

व्वा! म्हणजे साच्याचा मुद्दा मांडणाऱ्यानेच साच्याबाहेरचा पुरावा आणला. :)

---

नवगाव_ते_अश्दोद

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळचे अलिबागकडचे, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. मराठी घरात अजून आहे म्हणून हा धागा उघडला.

तुम्ही सगळे हे डोळ्यांनी वाचताय. आम्ही ते कानाने ऐकलं, सिनेगॉगमध्ये, अर्थ कळायच्या आधी. म्हणून दोन ठिकाणं सांगतो.

नहूम २, निनवेचा नाश (इ.स.पू. ६१२ मध्ये ते शहर पडलं). हिब्रूत तीन शब्द एकापाठोपाठ येतात: बूका, उम्वूका, उम्वुलाका. रिकामं, ओसाड, उजाड. प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा लांब. भिंत कोसळताना आवाज वाढत जावा तसं. आणि त्याला लागूनच काळीज वितळतं, गुडघ्यावर गुडघा आपटतो, सगळ्या कमरा वेदनेने भरतात.

दुसरं यशया २४:१७. पहद, वापहत, वापाह. भीती, खड्डा, फास. तीन छोटे शब्द, जवळजवळ एकच आवाज. पुढचं वचन सांगतं, भीतीच्या आवाजाने पळालास तर खड्ड्यात पडशील, खड्ड्यातून वर आलास तर फासात अडकशील. यिर्मया ४८ मध्ये मवाबासाठी तेच पुन्हा.

अर्थ नाही कळला तरी लहानपणी हे ऐकताना बाजूच्याचा हात धरावासा वाटायचा.

---

कुरुंदवाडी

काका, हे लिहून फार बरं केलंत. एक विचारू? असं मुद्दाम पाठोपाठ संकट लावणं आणखी कुठे आहे का?

---

नवगाव_ते_अश्दोद

आमोस ५:१९. तकोवाचा मेंढपाळ, यशयाच्याही थोडा आधीचा, इ.स.पू. आठव्या शतकातला. लोक परमेश्वराच्या दिवसाची वाट बघत होते, त्यांना वाटे तो दिवस शत्रूवर येणार. आमोस म्हणाला, तो दिवस काळोख आहे, उजेड नाही. जसा कुणी सिंहापासून पळाला आणि अस्वल भेटलं. घरात शिरला, भिंतीला हात टेकला, आणि साप चावला.

भिंतीला हात टेकणं बघा. पोचलो, सुटलो, आता दम खाऊ. तिथेच साप.

---

चष्मेबद्दूर

हे आमोसचं चित्र माझ्या मते या अख्ख्या विषयातलं सगळ्यात धारदार आहे. वेणा नाहीत, थरथर नाही, एकही भावना सांगितलेली नाही. फक्त हात भिंतीला टेकतो. यिर्मयापेक्षा मला आमोस जास्त घाबरवतो.

---

शाईचा_डाग

@चष्मेबद्दूर, मान्य, पण आमोस दुसऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. यिर्मयाचं वेगळेपण हे की ती भीती त्याच्यावरच उलटते.

२० व्या अध्यायात मंदिराचा अधिकारी पशहूर त्याला फटके मारून खोड्यात अडकवतो. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर यिर्मया त्याला नवं नाव देतो, मागोर-मिस्साबीब, "चहूकडे दहशत". हे शब्द त्याच्या तोंडी आधीही आहेत (६:२५) आणि नंतरही येतात (४६:५, ४९:२९). आणि दहाच वचनांच्या आत काय होतं? त्याचे ओळखीचे लोक त्याच्या मागे कुजबुजतात, "चहूकडे दहशत! चला, याची चुगली करू." त्याचंच वाक्य लोकांनी त्याला चिडवायला घेतलं असावं, असं मला तरी वाटतं. शहरभर भीती सांगत फिरणाऱ्या माणसाला लोक त्याच नावाने हाका मारणार, हे साहजिक आहे.

त्याच अध्यायाच्या शेवटी तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. नीट वाचा, इथे बातमी आणि बाळंतपण पुन्हा एकत्र येतात. शाप कुणाला? "तुला मुलगा झाला" अशी आनंदाची बातमी ज्याने बापाला दिली त्या माणसाला. त्याला सकाळी किंकाळी आणि दुपारी रणघोष ऐकू येवो. आणि मग म्हणतो, आईच माझी कबर झाली असती, तिचं पोट कायमचं भरलेलं राहिलं असतं तर बरं.

बाळ नसलेल्या कळा म्हणते ते हेच. याच माणसाला १६ व्या अध्यायात आज्ञा आहे की लग्न करू नकोस, या जागी तुला मुलंबाळं नकोत. बाप होण्याची वाट बघत दाराबाहेर उभं राहणंही त्याच्या वाट्याला नाही.

---

महासंकट_जवळ_आहे

सर्वांना सलाम. इतकी चर्चा झाली पण मुख्य गोष्ट कोणीच सांगितली नाही. "याकोबाच्या संकटाची वेळ" म्हणजे शेवटच्या काळातलं सात वर्षांचं महासंकट, हे स्पष्ट आहे. आज टीव्हीवर इस्राएलच्या बातम्या बघा, सगळी चिन्हं जुळतात. वेणा म्हणजे चिन्हांची वाढत जाणारी गती. जागे व्हा.

---

उत्खनन

महाशय, ३०:८ वाचा. संकटानंतर लगेच मानेवरचं जू मोडण्याची गोष्ट येते. २७ आणि २८ व्या अध्यायांत यिर्मया खरंच मानेवर जू घालून फिरतोय आणि तिथे ते बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचं आहे असं स्वच्छ लिहिलंय. ऐकणाऱ्यांना कोणाचं जू ते विचारावं लागलं नसतं. आणि धागाकर्तीने वर दाखवलंच आहे की वेणा बाबेलला, मवाबाला, दिमिष्कालाही लागल्यात. त्या प्रत्येकाला सात वर्षं वाटायची का?

---

महासंकट_जवळ_आहे

भविष्यवाणीची पूर्तता दोनदा होऊ शकते. मनुष्याच्या ज्ञानाने हे समजत नाही.

---

नवगाव_ते_अश्दोद

भाऊ, माझ्या घरात सायरनच्या वेळी जायची खोली आहे, नातवंडं तिथे झोपलेली मी पाहिली आहेत. ते कुणाच्या वेळापत्रकातलं चिन्ह आहे असं मला सांगू नका. या विषयावर मी एवढंच बोलेन.

---

व्यवस्थापक

चालू घडामोडी आणि काळगणनेसाठी वेगळा धागा काढावा. त्यावरचे पुढचे प्रतिसाद इथून हलवले जातील. मूळ विषय चालू द्या.

---

शाईचा_डाग

आभार, व्यवस्थापक. काका, तुमचेही.

विषयावर परत येते. बातमी आणि बाळंतपण एकत्र येण्याची एक गोष्ट संदेष्ट्यांच्या कितीतरी आधीच्या काळाबद्दल सांगितलेली आहे, १ शमुवेल ४ मध्ये. कराराचा कोश (इस्राएलची पवित्र पेटी) शत्रूने नेला, सासरा एली मेला, नवरा फिनहास मेला, ही बातमी ऐकताच त्याची गरोदर बायको वाकली आणि बाळंत झाली, कारण कळा अचानक आल्या. जवळच्या बायका म्हणाल्या, भिऊ नकोस, मुलगा झालाय. तिने उत्तर दिलं नाही, लक्षही दिलं नाही. मुलाचं नाव ईखाबोद ठेवलं, वैभव गेलं म्हणून, आणि मेली.

इथे उपमा नाही, ती बाई खरीच आहे. आणि बाळ असूनही त्याचा तिला काही उपयोग नाही. संदेष्टे नंतर जेव्हा जेव्हा "बातमी ऐकली आणि वेणा लागल्या" म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात ही गोष्ट नसेल असं मला वाटत नाही.

---

रात्रपाळी

धक्क्याने कळा सुरू झाल्याचं आम्हीही ऐकतो, नातेवाईक नेहमी सांगतात. त्या काळात रक्तस्राव झाला तर थांबवायला काहीच नव्हतं. त्यामुळे वेणा म्हटल्यावर ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर आधी पाळणा येत असेल की ओळखीतली कुणी गेलेली, हे मला सांगता येतं.

---

केडगाव_लोकल

माझ्या आजीकडे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल होतं, १९२४ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी निघालेलं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या, विधवा, टाकलेल्या बायका त्या छापखान्यात खिळे जुळवत होत्या. ४:३१ ची "हाय, मेले" ही ओळ त्यांच्यातल्या कुणीतरी हाताने जुळवली असणार, एवढंच मनात आलं. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

---

चष्मेबद्दूर

अजिबात अवांतर नाही.

---

उत्खनन

३०:७ च्या शेवटाबद्दल कुणी बोललं नाही. "पण तो तिच्यातून वाचेल." हिब्रूत प्रश्नचिन्ह नसतं. एक मत असं आहे की मूळ ओळ उपरोधाने विचारलेला प्रश्न होती: "आणि हा यातून वाचणार?" आधी "पुरुष बाळंत होतो का?" असा प्रश्न, मग हा. नंतर ती दिलाशाच्या अध्यायात बसवली गेली तेव्हा तिचं आश्वासन झालं. सिद्ध करता येणार नाही, पण एकदा ऐकलं की ती ओळ पूर्वीसारखी वाचता येत नाही.

---

नवगाव_ते_अश्दोद

आम्ही ती आश्वासन म्हणूनच वाचतो, आणि तसंच वाचत राहू. पण प्रश्न म्हणून विचारणारा यहुदीच असणार, यात शंका नाही. :)

एक सांगायचं राहिलं. आव महिन्याच्या नवमीला, मंदिर पडल्याच्या दिवशी, विलापगीत वाचतात. कोकणातल्या आमच्या लोकांत त्याला बिरड्याचा रोजा म्हणत, वालाच्या बिरड्यावरून. त्यात २:११ ला, डोळे आसवांनी संपले, आतडी खदखदतात, काळीज जमिनीवर ओतलं गेलं, असं आहे. तिथे वेणा नाहीत. बातमी येऊन गेलेली आहे, शहर पडलेलं आहे. कळा असतात त्या आधीच्या.

---

शाईचा_डाग

काका, हे फार महत्त्वाचं सांगितलंत! शहर पडायच्या आधी वेणा, पडल्यावर ओतलेलं काळीज. संदेष्टे "आधी"मध्ये उभे आहेत, म्हणून त्यांच्याकडे ही उपमा पुन्हा पुन्हा येते. काहीतरी येतंय, थांबवता येत नाही, आणि काय येतंय ते अजून दिसत नाही.

बाळाबद्दल मी शोधलं ते असं. यशया २६:१८ मध्ये लोक म्हणतात, आम्ही गरोदर झालो, कळा सोसल्या आणि वाऱ्याला जन्म दिला. यशया ३७:३ मध्ये अश्शूरी सैन्य दाराशी आलेलं असताना हिज्कीया राजा निरोप पाठवतो की मुलं जन्माच्या तोंडाशी आली आहेत आणि बाळंत व्हायला बळ नाही. आणि जिथे बाळ सुखरूप येतं, यशया ६६:७, तिथे कळाच नाहीत! "वेणा लागण्याआधीच ती बाळंत झाली." असं कुणी कधी ऐकलंय का, असं तिथेच पुढे विचारलंय. जणू कळा आणि बाळ एका वाक्यात बसवणं त्यांना जमतच नव्हतं.

---

उत्खनन

मीखा ५:३. "जिला वेणा लागल्या आहेत ती प्रसवेपर्यंत." कळा आणि बाळ, दोन्ही एका ओळीत.

---

शाईचा_डाग

"पर्यंत" आहे ना पण तिथे. तोवर तो त्यांना सोडून देणार आहे. आणि ४:१० मध्ये तोच मीखा सियोनकन्येला म्हणतो, कळा दे, कारण आता तुला शहराबाहेर पडून उघड्या रानात राहायचंय, बाबेलपर्यंत जायचंय, आणि सुटका तिथे होईल. बाळ आहे, पण रस्ता पार करून. मीखाला अपवाद म्हणायला तयार आहे, "वेदनेनंतर लगेच आनंद" म्हणायला नाही.

---

केडगाव_लोकल

होशेय १३:१३ राहिला की. एफ्राइमाला (म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याला) वेणा लागतात, पण तो अडाणी मुलगा आहे, वेळ झाली तरी गर्भाच्या तोंडाशी येत नाही. म्हणजे इथे तो आईही आहे आणि बाळही?

---

रात्रपाळी

वेळ झाली आणि मूल खाली सरकत नाही, त्याला आम्ही अडलेलं बाळंतपण म्हणतो. आज त्यासाठी सिझेरियन आहे. तेव्हा दोन दिवस, तीन दिवस कळा, आणि मग बऱ्याचदा दोघंही जात.

---

शाईचा_डाग

आणि होशेयचं पुढचंच वचन मृत्यूला उद्देशून आहे, मरणा, तुझ्या पीडा कुठे आहेत? मी आजवर ती दोन वचनं वेगवेगळी वाचत होते, एकात उपमा, दुसऱ्यात घोषणा. रात्रपाळीताईंचं वाचल्यावर ती एकाच खोलीतली वाटतात.

१३:१४ मध्ये देव सोडवतोय की मरणाला बोलावतोय, यावर मोठा वाद आहे. त्यासाठी रविवारी नवीन धागा काढते. काका, ते वचन हिब्रूत कसं ऐकू येतं ते तिथे नक्की लिहा.